मांडणी कुणाची

१

शेडचं कुलूप रोज मीच उघडते. धाराशिवच्या बाहेर, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमचं पत्र्याचं लांबलचक शेड आहे. आत फक्त दगड. खोल बोअर मारताना जमिनीच्या पोटातून दगडाचे गोल दांडे निघतात, त्यांना आम्ही कोअर म्हणतो. ते धुवायचे, लाकडी पेट्यांत वरचा आधी, खालचा नंतर अशा क्रमानं ठेवायचे आणि त्यावरून खाली काय काय दडलंय ते सांगायचं, हे माझं काम. लोकांना ते भयंकर कंटाळवाणं वाटतं. वाटू दे. दगड दिलेला शब्द फिरवत नाही आणि लग्नाला का बोलावलं नाही म्हणून रुसत नाही. माझं माणसांपेक्षा दगडांशी बरं जमतं, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

ऊन चढलं की पत्रा तापतो आणि शेडभर टक् टक् आवाज सुरू होतो. नवीन आलेला माणूस दचकतो, त्याला वाटतं पेट्यांमधून येतोय. मग आम्ही त्याला पत्र्याकडे बोट करून दाखवतो.

चहाच्या वेळेला रणधीर येतो. थर्मास त्याचा, कप माझे. तो मूळचा ईट गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. भूकंपमापक यंत्रं सांभाळतो. एमएस्सीपासून आमची मैत्री आहे आणि तेव्हापासूनच आमच्या पैजाही आहेत. याला रोज एक नवीन थिअरी सुचते आणि ती मी रोज खोडून काढते. आपल्या जिल्ह्यात गावोगावी जमिनीतून गूढ आवाज येतात ना, तो म्हणणार, पाणी फटीत शिरतंय. मी म्हणणार, कोंडलेली हवा. ती पैज अजून लोंबकळते आहे, कारण दोघांनाही सिद्ध करता येत नाही.

पैजेचे नियम ठरलेले आहेत. आधी जो बोलला तो मांडणारा, दुसरा खोडणारा. टाळी दिली की पैज लागली. लागलेली पैज मागं घ्यायची नाही. हा शेवटचा नियम माझा, कारण हरायला लागला की रणधीर मखलाशी करायचा. हरणाऱ्यानं कुंथलगिरीचे पेढे आणायचे आणि ते सगळ्या ऑफिसनं खायचे. इतकी वर्षं पेढे बहुतेक त्यानंच आणले. हरल्यावर तो हसायचा आणि मी त्याला घालून पाडून बोलायचे. मला वाटायचं, आयुष्यात एवढी एक गोष्ट तरी आपण धड सांभाळली आहे.

२

गेल्या उन्हाळ्यात रणधीरनं ईटच्या बोअरबद्दल मांडणी केली. म्हणे, लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात तिथं तळं असणार. तळ्याचा गाळ सापडायला पाहिजे आणि गाळात गोगलगायीचे शंख.

"रणधीर, तो कोअर मी माझ्या हातानं धुतलाय," मी म्हणाले. "वरपासून खालपर्यंत काळा कातळ आहे. तळं सोड, त्यात डबकंसुद्धा नाही. आपल्या गावाला तळं मिळावं म्हणून किती तो आटापिटा!"

"मग दे की टाळी."

दिली. पेटी ओढून झाकण काढलं. मधल्या खणात, दोन काळ्या दांड्यांच्या मधे वीतभर करडा पट्टा होता. त्यात तांदळाएवढे पांढरे शंख रुतलेले.

मी चष्मा पुसला. खाली बसून पुन्हा बघितलं. पट्ट्यावर खूण होती, माझ्याच पद्धतीची, माझ्याच आवडत्या हिरव्या रंगाची.

बोअरच्या मशीनवरचा आमचा मुकादम बसप्पा तिथंच पेट्या रचत होता. तो म्हणाला, "म्याडम, धुताना तुमीच दावला व्हता की मला त्यो थर. गोगलगायी हैत म्हणून लई खूश झाला व्हता."

"म्हणजे तुला माहीत होतं!" रणधीर मोठ्यानं हसला. "आणि तरी टाळी दिलीस? माझी दया आली होय?"

मीही हसले, कारण दुसरं काय करणार? चाळिशी उलटली आहे, झोप लागत नाही, डॉक्टर म्हणतात या वयात विसरायला होतं. एवढी कारणं हाताशी असताना घाबरायचं कशाला, असं मी स्वतःला बजावलं आणि पेढ्यांसाठी भूमच्या एसटीनं येणाऱ्या शिपायाला पैसे दिले.

पण त्या कोअरचा एक तुकडा माझ्या घरी होता. कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेला, गुळगुळीत, काळा. माझं घर कुलूपबंद असतं, किल्ली माझ्याकडे, एकटीच राहते. घरी जाऊन चप्पल न काढताच मी तो उचलला. अंगठ्याखाली काहीतरी खरखरलं. दिव्याजवळ नेऊन बघायचा मला धीर झाला नाही. बोटालाच शंखाचा वळसा कळत होता.

३

शंका आली की प्रयोग करायचा, एवढं एकच मला येतं.

भूमजवळ आमचा एक बोअर वाया गेला होता. पाणी तर नाहीच, नुसती पांढरी धूळ. त्या दिवशी रणधीरच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि मी त्याला दिवसभर आजोबा म्हणून चिडवलं होतं. मुद्दाम मी त्याच बोअरवर पैज लावली. "मांडणी माझी. त्याला पाणी आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का?" असं म्हणत त्यानं टाळी दिली.

जाऊन बघितलं तर हापसा होता. गंजलेला, दांडा हातांनी झिजून चकचकीत झालेला. एक बाई कळशी भरत होती.

"हे कधीपासून चालतंय, मावशी?"

"लई वरसं झाली की, बाई. ह्या हापश्याचं पाणी कधी तुटलं न्हाय."

परतीच्या वाटेवर रणधीर ओशाळून म्हणाला, "मी दुसऱ्याच बोअरच्या भरात बोललो बघ." तो खोटं बोलत नव्हता. त्याला धूळ आठवतच नव्हती. ती आता फक्त मला आठवते.

तेव्हा मला कळलं. का, कसं, ते विचारू नका, मला माहीत नाही आणि आता जाणूनही घ्यायचं नाही. पूर्वी असं नव्हतं, पण या उन्हाळ्यापासून आमच्या पैजेत जो मांडतो त्याचं खरं होतं, नुसतं आजपासून नव्हे, तर पहिल्यापासून. जुनी आठवण मात्र फक्त माझ्या वाट्याला उरते.

मी पैजा थांबवल्या. रणधीर थिअरी काढायचा आणि मी "असेल बाबा" म्हणून चहा प्यायचे. त्याला वाटलं, माझी तब्येत बरी नाही. आणि मी त्या दिवसांत एकाच गोष्टीचा विचार करत होते. जाईचा.

जाई माझी मोठी बहीण. मोठ्या भूकंपाच्या वर्षी गणपतीला ती लोहारा तालुक्यात आत्याकडे गेली होती. विसर्जन झालं, लोक दमून झोपले आणि पहाटे भूकंप झाला. मी तेव्हा अकरा वर्षांची, तुळजापुरात घरी होते. फळीवरची भांडी पडली म्हणून जागी झाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकटेच तिकडे गेले. दोन दिवसांनी परत आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "झोपेतच गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही."

आमचं घर त्या वाक्यावर उभं राहिलं. आई पुढं पंधरा वर्षं जगली ती त्याच वाक्याच्या आधारानं. अण्णांनी शाळेतली नोकरी पूर्ण केली, पेन्शनीत गेले, दिवसभर वाचत बसू लागले. त्यांना शांतता लागते. मिक्सर लावायचा तर आधी विचारावं लागायचं. दुपारी त्यांच्या घरी गेलं की पान उलटल्याचा आवाज ऐकू यायचा, आणि मला तो आवडायचा.

ते वाक्य मीच मनात पोखरलं. शिकले ना! माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं घर कसं पडतं ते मला माहीत झालं. दगडमातीच्या भिंती बसतात, पण लाकडी खांब आणि तुळया आडव्या अडकून मधे पोकळी राहते. पोकळीत माणूस राहतं. अण्णांना कसं कळलं की ती झोपेत गेली? कुणी पाहिलं होतं? मी कधी विचारलं नाही, पण माझ्या लेखी ती सिद्ध न झालेली मांडणी होती, आणि सिद्ध न झालेलं मला सोसत नाही.

जाई जिवंत आहे अशीच पैज का नाही लावली, असं कुणी म्हणेल. मनात आलं होतं. पण इतक्या वर्षांनी दारात कोण येऊन उभं राहील आणि मी तिला कशावरून ओळखू, या विचारानंच मी ते सोडून दिलं. मी भित्री आहे. मी थोडंच मागायचं ठरवलं. अण्णा म्हणाले होते तेवढंच खरं व्हावं, कायमचं, म्हणजे माझ्या डोक्यातली पोकळी बुजेल.

४

भूकंपाच्या स्मृतिदिनाला रणधीरचं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात भाषण असतं. यंदाही होतं. तो येईपर्यंत मी शेडमध्ये पेट्यांमधून येरझाऱ्या घालत होते. आभाळ भरून आलं होतं, ऊन नव्हतं.

तो आत येऊन थर्मास ठेवतो न ठेवतो तोच मी म्हणाले, "पैज. मांडणी माझी. जाई झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही."

थर्मासचं झाकण त्याच्या हातातच राहिलं. "चारू, यावर नको."

"टाळी दे."

"अगं, मेलेल्या माणसावर कुणी पैज लावतं का? आणि मी विरोधात काय म्हणून बोलू?"

"काही बोलू नकोस. इतकी वर्षं तुझ्या असल्या नसल्या थिअऱ्या ऐकून घेतल्या. एकदा माझं ऐक. पेढ्याच्या पुड्याशिवाय तुझं काय जातंय?"

मी हात पुढं करून उभीच राहिले. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अगदी हलकी टाळी दिली, आजारी माणसाला देतात तशी. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मी पाठ फिरवून कप धुवायला घेतले.

"एक सांगू का?" तो पाठीमागून म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस. पण मांडणी तुझी होत नाही."

"म्हणजे?"

"सकाळी भाषणात मी तेच सांगत होतो. माळवदाखाली माणसं अडकतात, लवकर जीव जात नाही, हाका मारत राहतात, म्हणून गोंगाट बंद करून कान देऊन ऐकायचं असतं. तर एका पोरीनं विचारलं, सर, तुमच्या माहितीतलं कुणी होतं का? माझ्या तोंडून निघून गेलं. नाव नाही घेतलं मी. मैत्रिणीची बहीण म्हटलं. ती तशीच गेली असणार, म्हटलं." त्यानं धुतलेला एक कप उचलून त्यात चहा ओतला. "आधी मी बोललो, म्हणजे मांडणारा मी आणि खोडणारी तू. तू उगीच हरशील. बाद धरू ही पैज."

माझा हात नळाखालीच होता. पाणी वाहत होतं.

"बाद होत नाही," मी म्हणाले.

"अगं, गमतीचा नियम तो!"

शेडमध्ये टक् टक् सुरू झालं. मी सवयीनं वर बघितलं. पत्रा गार होता, बाहेर भुरभुर पाऊस पडत होता. आवाज खालच्या पेट्यांमधून येत होता, लांबच्या कोपऱ्यातून, थांबून थांबून. रणधीरलाही ऐकू आला असावा, कारण त्यानं चहा तसाच खाली ठेवला. मी किल्ल्या त्याच्या अंगावर टाकल्या आणि गाडीकडे पळाले.

५

तुळजापूरच्या रस्त्याला लागल्यावर अण्णांना फोन केला. त्यांनी उचलला, पण मागं एवढा गोंगाट होता की मला वाटलं ते बाजारात आहेत.

"मोठ्यानं बोल!" ते ओरडले. माझे अण्णा आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

वाटेत मी स्वतःची समजूत काढत होते. शंख, हापसा, सगळं माझ्या डोक्यातलं. माणूस विसरतं, चुकतं. आता जाईन तर अण्णा खुर्चीत वाचत बसलेले असतील आणि अवेळी आले म्हणून चष्म्यावरून बघतील. मग मी सुट्टी काढीन, चांगल्या डॉक्टरला दाखवीन, गोळ्या सांगतील त्या घेईन. वेड लागलेलं मला चाललं असतं.

गल्लीच्या तोंडालाच रेडिओ ऐकू आला. तो आमच्याच घरातून येत होता.

बाहेरच्या खोलीत कपाटावर एक रेडिओ होता, त्यावर भजन लागलेलं. स्वयंपाकघरात दुसरा, त्यावर शेतीचं काहीतरी चाललेलं. मोरीत खिळ्याला लहान ट्रान्झिस्टर टांगला होता, त्याची नुसती खरखर. खिळा गंजला होता आणि त्याच्या मागच्या भिंतीवर ट्रान्झिस्टरच्या आकाराचा जुना तेलकट डाग पडला होता. पुस्तकं कुठंच नव्हती. ज्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असायचं तिथं अण्णांची कॉट होती. आणि कॉटवर अण्णा बसले होते, पाय वर घेऊन. फरशीला पाय लावायचा नाही, असं बसले होते.

"अण्णा, हे कधीपासून?"

"काय?"

"हे रेडिओ."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी दुष्ट थट्टा केली आहे, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. "आजच्या दिवशी हे विचारायला आलीस होय?"

मी त्यांच्या शेजारी बसले. मला विचारायचं नव्हतं, पण न विचारता उठणंही जमेना. "जाई झोपेतच गेली ना, अण्णा? तिला काही कळलं नाही ना?"

"असं मी तुझ्या आईला सांगितलं. ती जगावी म्हणून." भजनाच्या वरताण त्यांना बोलावं लागत होतं. "तुला कशाला सांगेन? तू तर होतीस माझ्याबरोबर."

"मी इथं होते. तुळजापुरात. भांडी पडली आणि मी जागी झाले."

"हो, आणि मला सोडेनास म्हणून तुला नेलं. जीपमध्ये माझ्या मांडीवर बसली होतीस."

मी नाही म्हणणार होते. पण डिझेलचा वास आला. चिखलानं भरलेले माझे पाय मला दिसले, एका पायात चप्पल नव्हती. आत्याच्या गल्लीत गल्ली राहिली नव्हती, आणि कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलेलं होतं.

"तू त्या ढिगाला कान लावलास," अण्णा म्हणाले. "म्हणालीस, अण्णा, जाई मला हाक मारतीय. मी कान लावला. आणि म्हटलं, भास आहे गं, वारा आहे." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "अंधार पडत आला होता. उरलेली भिंत डुलत होती. लोक म्हणाले, लेकराला घेऊन थांबू नका मास्तर, सकाळी काढू. मी तुला खांद्यावर टाकलं आणि निघालो. तू तिला ओरडून सांगत होतीस की आम्ही इथंच आहोत."

"सकाळी?"

त्यांनी पाय आणखी जवळ ओढून घेतले.

हे मी केलं होतं. ज्या माणसानं एका वाक्याच्या सावलीत तीस-बत्तीस वर्षं निवांत काढली होती, त्याची ती सगळी वर्षं मी मागं जाऊन नासवली, आणि तीही पेढ्याच्या पैजेत. एवढी शिकले, त्याचं हे फळ. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

एकच मार्ग मला सुचला. रेडिओंखाली ते ज्याला दडपत होते तो आवाज आहे की नाही, हे दुसरे आवाज बंद करून बघता येतं. काही ऐकू येणार नाही, म्हणजे निदान अण्णांना रात्रीची झोप तरी मिळेल. मी उठले. मोरीतला ट्रान्झिस्टर बंद केला. स्वयंपाकघरातला बंद केला. बाहेर आले तेव्हा अण्णा कॉटवरून खाली उतरत होते, धडपडत, एक हात माझ्याकडे पसरून.

"चारू, थांब. चारू!"

कपाटावरचं भजन संपलं होतं. पुढचं लागायला जरा अवकाश होता. त्या मधल्या शांततेत फरशीच्या खालून, खूप खोलवरून, घसा बसलेल्या मुलीचा आवाज आला. माझं नाव होतं. पहिलं अक्षर लांबवून, जाई अंगणातून मला खेळायला बोलवायची तसं. आवाजात भीती नव्हती. आत्ताच कुणीतरी उत्तर दिलेलं ऐकून मारावी तशी ती हाक होती.

माझं बोट रेडिओच्या बटणावर होतं. अण्णांनी माझं मनगट धरलं. ऐंशी वर्षांच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. पुढचं भजन सुरू झालं, त्यांनी आवाज पूर्ण वाढवला आणि माझ्या कानाला तोंड लावून म्हणाले,

"बंद करू नको गं. तिला अजून माहीत नाही, आपण निघून आलो ते."